नणंदेच्या गोळीचा गुण

लेकरू माह्या मांडीवरून घसरून राह्यलं होतं आन् मले त्याले धरता येत नव्हतं. हात माहे नव्हतेच जसे. पोटऱ्या धाडधाड उडत, दात एकमेकावर वाजत, आंग तव्यावानी तापलेलं, आन् लुगडं घामानं असं ओलं का पिळलं असतं त धार लागली असती. सकाऊनची वेळ होती. आखाडातलं ऊन ओसरीवर आलतं, मी पोरीले पाजाले घेऊन बसली होती, आन् पाच मिनिटात हे असं. मले वरडाचं होतं का आत्याबाई, पोरीले घ्या, पडते पोरगी! पण जबडा आवळून गेलता. तोंडातून नुसती घरघर निघे.

सासू चुलीपासून धावत आली. तिनं पोरीले पडता पडता झेललं, मंग माह्याकडं पाह्यलं आन् दोन पावलं मांगंच सरली.

"माय वं! हिले लागलं काईतरी. डोळे पाहा हिचे, कसे फिरून राह्यले!"

शेजारची काकू कुंपणावरून पाहूनच होती. लिंबू न् मिरच्या घेऊनच आली ते, इतली तयारी कवा केली देवच जाणे. माह्या डोस्क्यावरून लिंबू फिरवता फिरवता सासूले म्हणे, "लेकरू दूर ने आधी. अशा टायमाले माय माय नसते, बाई."

हे मले चांगलं आयकू आलं. कानात घूं घूं आवाज होता, छातीत कोणी मुसळ मारल्यावानी होऊन राह्यलं होतं, तरी हे आयकू आलं. मराचं भेव तवा वाटलंच नाई मले. भेव वाटलं ते याचं का गेलं, आता लेकरू माह्या हातचं गेलं.

कारण का घरात हेच बोलणं चाललं होतं. बाळंतपण करून मी माहेरून आली तवापासून मी मीच नव्हती. झोप नाई, भूक नाई. भाजीत मीठ टाकलं का नाई ते आठवे नाई. सूप घेऊन बसली का सूप तसंच हातात, दुपार होऊन जाय. पोरगी बाजेवर रडून रडून निळी पडे आन् मी बाजूले बसली राहो, मले वाटे का दुसऱ्या गल्लीत कोणाचं तरी लेकरू रडून राह्यलं. मी चौथी शिकली. मनाचा बी आजार असते हे काई चौथीच्या पुस्तकात नव्हतं. मले वाटे मीच वाईट हावो, आतून सडली हावो, म्हणून पोरीचा लळा लागत नाई.

एक दिवस सासू आपल्या पोराले, म्हणजे माह्या पोरीच्या बापाले, म्हणे, "पोळ्यापर्यंत पाहू. तवापर्यंत सुधारली त ठीक, नाईतर हिले हिच्या बापाच्या घरी ठेवून ये. लेकरू अथीच राहीन. शेळीचं दूध पाजीन मी त्याले. हिच्यापाशी ठेवलं त एखाद्या दिवशी जीव जाईन त्याचा."

सासू वाईट नव्हती. तिले खरंच भेव वाटे पोरीचं. मले बी वाटे.  मी दारामांगं उभी राहून सारं आयकलं.

आन् तवाच आमची नणंद आली, पुलगाववरून. तिचा नवरा तथी मिलमध्ये होता. हे नणंद म्हणजे मोठं वादळ. यष्टीतून उतरली का वेशीपासून आवाज आयकू ये. पण दोन वर्सामांगं तिचं एक लेकरू पोटातच गेलतं आन् ते मुकी झाली होती. मुकी म्हणजे बोलेच नाई, भिताडाकडं तोंड करून पडून राहे. मंग तिच्या नवऱ्यानं तिले नागपूरच्या डॉक्टरकडं नेलं, त्यानं गोळ्या देल्ल्या, आन् आमची नणंद पयल्यावानी भाजीवाल्याशी भांडाले लागली.

तिनं येतानी दोन गोष्टी आणल्या. एक तिच्या थोरल्या पोराचं जुनं अंगडं, आन् एक अॅल्युमिनियमची डबी, त्यात तिच्या गोळ्या.

आता अंगड्याचं तुमाले सांगते. आमच्या इकडं नव्या लेकराले पयलं अंगडं नवं नाई घालत. ज्या घरचं लेकरू जगलं, वाढलं, गुटगुटीत झालं, त्या घरचं जुनं अंगडं मागून आणतात. त्या लेकराचा गुण याले लागते म्हणतात. माह्या पोरीले जन्मल्यावर माहेरी असंच घातलं होतं. नणंदेचं थोडं उशिरा आलं, पण आलं. तिनं ते पोरीच्या आंगात घातलं, दृष्ट काढली आन् मंग डबी माह्या हातात देल्ली.

"हे घे वं. जसं पोराचं अंगडं तुह्या पोरीले, तशी माही गोळी तुले. हिनं मले गुण आला, तुले बी येईन. अनोळखी डॉक्टरची गोळी कायची घेतं? हे आपल्या घरात गुण आलेली हाय."

सासूले हे लय पटलं. मले बी पटलं. कोणाले पटलं नसतं?

डबी संपेपर्यंत मी रोज गोळी घेतली. झोप अजूनच उडाली, उभी राह्यली का डोळ्यापुढं अंधार ये, पण मन तसंच काळं. डबी संपली तवा आमचे घरचे, पोरीचे बाप, म्हणाले, "आता मी आयकत नाई कोणाचं. वर्ध्याले कापूस बाजारात एक जण सांगत होता, मोठ्या दवाखान्यात मनाचे डॉक्टर बसतात." दुसऱ्याच दिवशी आमी तिघं यष्टीनं वर्ध्याले गेलो, सासू संग. पोरगी काकूपाशी.

डॉक्टरीन होती. तरणी, चष्मेवाली, शहरातली मराठी बोले. तिनं लय इचारलं. शेवटी म्हणे, "सध्या दुसऱ्या कोणत्या डॉक्टरचं औषध चालू आहे का?"

मी तोंड उघडाच्या आंधी सासू म्हणे, "नाई जी, कोणत्याच डॉक्टरचं नाई. घरीच होती."

अन् ते खोटं थोडंच बोलली? डॉक्टरचं नव्हतंच ते. नणंदेचं होतं. नवी सून असतानी दवाखान्यात बोलाचं काम सासूचं, मी मान खाली घालून बसली होती. डॉक्टरीननं लहान, लाल, साखर लावल्यावानी गोळ्या लिहून देल्ल्या आन् सांगतलं का गुण याले दोन-तीन हप्ते लागतीन, मधात सोडू नका. मी त्या रात्री एक घेतली, आन् दुसऱ्या दिवशी सकाऊन एक.

आन् मंग ओसरीवर ते झालं.

काकूचं लिंबू फिरूनच राह्यलं होतं का आमचे घरचे वावरातून तण काढाचा डवरा टाकून पळत आले. त्यायनं माह्या कपाळाले हात लावला आन् चटका बसल्यावानी वर घेतला. "लिंबू राहू द्या काकू, बंडी जुपतो." सासू म्हणे आंधी भगताले बोलवू. ते म्हणे, "माय, भगत घरीच राहीन, हे नाई राह्यची."  सासू पोरीले पोटाशी धरूनच बंडीत बसली, मले दिली नाई.

चिखलातून बंडी सडकेवर आली तवा आर्वीवरून वर्ध्याले जाणारी यष्टी येऊन राह्यली होती. ती आमच्या फाट्यावर थांबत नव्हती. बैल आडवेच घातले सडकेवर यायनं. ड्रायव्हरनं आईबाप काढले, मंग माह्याकडं पाह्यलं आन् दार उघडाले सांगतलं. कंडक्टरनं मांगची सीट रिकामी केली. एक मास्तरवानी माणूस वरडे, "अहो, मला मधल्या स्टॉपवर उतरायचं आहे!" त कंडक्टर म्हणे, "उतरजो न बाप्पा, येतानी उतरजो. आता गाडी सीधी दवाखान्यात." एका म्हातारीनं आपल्या पितळेच्या गडव्यातलं पाणी माह्या तोंडावर ओतलं, सारंच ओतलं. वर्ध्यापर्यंत तिले प्यावाले राह्यलं नसंन.

दवाखान्यात मले खाटेवर टाकलं, ओल्या चादरी गुंडाळल्या, काखेत बरफ ठेवला, हातात सुई टोचली, बाटली टांगली. तीच डॉक्टरीन धावत आली. तिनं माहे पाय पाह्यले, डोळे पाह्यले आन् सासूले इचारलं, "आजी, नीट आठवून सांगा. माझ्या गोळ्यांशिवाय हिनं काय घेतलं?"

"काईच नाई जी. सांगतलं न काल."

"काहीतरी घेतलंय. मला कळल्याशिवाय मी पुढचं औषध देऊ शकत नाही."

सासू माह्याकडं पाहूच नाई. पोरगी तिच्या खांद्यावर झोपली होती, नणंदेच्या पोराचं अंगडं घालून. मले समजलं होतं का डॉक्टरीनले काय पाह्यजे. पण सांगतलं त नणंदेचं नाव येईन. लेकीनं सुनेले जहर देल्लं, असं सासूले वाटंन, गावाले वाटंन, आन् मंग मले त्या घरात कोण ठेवंन? पोळ्याची वाट पाहाचीच गरज नाई. आन् नाई सांगतलं त मी अथीच मरंन, पोरगी त तसीच जाईन.

दोन्हीकडून पोरगीच जात होती.

मी जबडा कसा उघडला मले माहीत नाई. "डबी," म्हटलं मी. "नणंदेची डबी. संपली." सासूच्या पुढं, सासूले न इचारता, दवाखान्यात मी पयल्यांदा बोलली ते हे.

डॉक्टरीननं गोळीचा रंग इचारला, कोणत्या डॉक्टरची इचारली, कवा संपली इचारलं. मी म्हटलं, "दोनच दिवस झाले असतीन." ते "अरे देवा" म्हणाली आन् सिस्टरले काईतरी इंग्रजीत वरडली. माही लाल गोळी बंद. दुसरी सुई. अजून बरफ.

सासू कोपऱ्यात बसली. पदर तोंडात घालून म्हणे, "माह्या पोरीनं काय देल्लं असंन वं हिले? काय देल्लं असंन?"

संध्याकाळपर्यंत ताप उतराले लागला. पाय उडाचे थांबले. दुसऱ्या दिवशी मी पाणी पेली. आन् तवाच, पाहा आता योग, आमची नणंद वार्डात आली. निरोप गेलता पुलगावले का वयनी दवाखान्यात हाय, काऊन ते कोणी सांगतलंच नव्हतं. दारातूनच आवाज, "काय झालं वं माह्या वयनीले? घाबरू नको, म्या अजून आणल्या गोळ्या!" आन् पिशवीतून नवी डबी काढली.

सारा वार्ड पाहाले लागला. सासू उठली आन् तिच्या हातावर अशी चापट मारली का डबी खाटेखाली लोळत गेली. "गोळ्या! अजून गोळ्या! मारून टाकली असती न वं तूनं तिले!"

नणंद पांढरी पडली. तिनं खाली बसून डबी शोधली, हातात घट्ट धरली आन् रडाले लागली, मोठ्यानं, जसी ते सारंच मोठ्यानं करते. "म्या जहर देल्लं का? मी रोज खाते तेच देल्लं न मी!"

डॉक्टरीन आली. तिनं नणंदेले स्टुलावर बसवलं, सासूले गप केलं. मले वाटलं आता हे खूप बोलंन. पण ते म्हणे, "ही गोळी चांगली आहे. माझी गोळीही चांगली आहे. दोघींची जात वेगळी आहे. दोन्ही एका अंगात एकत्र चालत नाहीत."

मंग तिनं समजावलं. डोस्क्यात बारीक बारीक नसा राहातात, आन् दोन नसांच्या मधात फट राहाते. एक नस त्या फटीत एक रस सोडते, दुसरी तो घेते, आन् मनाचं चालू राहाते. रस उरला त पयली नस तो वापस वढून घेते. आन् थोडा रस तथीच एक दुसरी चीज तोडून टाकते, साफसफाई केल्यावानी. मनाच्या आजारात काय काय बिघडते ते डॉक्टरायले बी अजून पुरं माहीत नाई म्हणे, पण तो रस फटीत जास्त वेळ राह्यला का लय जणायले बरं वाटते. माह्या लाल गोळीच्या जातीचं नाव तीनचाकी सायकलवानी काईतरी होतं. ती रस वापस वढू देत नाई. नणंदेच्या गोळीची जात त्या साफसफाई करणाऱ्याले कामावरून काढते.

मी आयकून राह्यली होती आन् माह्या डोळ्यापुढं आमचा कांद्याचा मळा होता. मी हळूच म्हटलं, "बाई, म्हणजे वाफ्यात पाणी सोडल्यावानी का?"

"कसं?"

"वाफ्यात पाणी सोडलं का ते दोन रस्त्यानं जाते. एक, बांध फुटला असंन त वापस दांडात. दुसरं, माती पेऊन घेते. तुमची गोळी बांध लिंपते. नणंदबाईची गोळी मातीले पेऊ देत नाई. कोणतीबी एक केली त कांद्याले ओल राह्यते. दोन्ही केल्या त वाफाच फुटते."

डॉक्टरीन माह्या खाटेच्या काठावर टेकली. मंग म्हणे, "अगदी असंच नसतं, पण असंच लक्षात ठेव."

"पण मी त तिची गोळी बंद केलती न?"

"तू बंद केलीस, पण तिचं काम बंद झालं नव्हतं. तिनं काढून टाकलेले कामकरी लगेच परत येत नाहीत, शरीराला नवे तयार करावे लागतात. त्याला पंधरा दिवस तरी लागतात. तोवर दुसऱ्या जातीची गोळी घ्यायची नाही."

नणंद नाक पुसून म्हणे, "मंग मी बी मरन का?"

"नाही. तू तुझ्या डॉक्टरला विचारून घे. पण त्यांनी तुला खाण्याचं काही सांगितलं असेल. सुकी मासळी, शिळं आंबलेलं, असलं काही या गोळीवर खाऊ नको, रक्तदाब चढतो म्हणून?"

"सांगतलं न! सुकट खाऊ नको म्हणे. मले वाटलं माह्या गळ्यातली तुळशीची माळ पाहून म्हणते!"

सिस्टर हासली. सासूचं बी तोंड जराक हाललं. मले हासता आलं नाई, पण हे हासाची गोष्ट हाय इतलं समजलं, आन् ते समजलं याचंच मले नवल वाटलं.

पंधरा दिवस मले एकबी गोळी नाई मिळाली. बिना गोळीचे ते दिवस मोठे कठीण गेले. दवाखान्यातून सोडतानी डॉक्टरीननं सासूले बाजूले नेऊन सांगतलं, मी आयकलं, "आजी, हिला लेकरापासून तोडू नका. लेकरू कोणाच्या तरी नजरेसमोर ठेवा, पण हिच्याजवळ ठेवा." सासूनं पोरीले या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. पोळा तवा दीड महिन्यावर आलता.

मंग लाल गोळी पुन्हा सुरू झाली, आता थोडी थोडी वाढवत. तोंड असं कोरडं पडे का जीभ टाळूले चिकटे. मी खडीसाखरेचा खडा गालात ठेवो. शौचाले त्रास. उठली का भिताड धराव लागे. आन् मन? मन तसंच. सासू रोज संध्याकाळी माह्या तोंडाकडं पाहे, जसं आभाळाकडं पाहातात. मी आमच्या घरच्यायले म्हटलं, "हे बी नाई चालत. चला वापस." ते म्हणे, "तूनंच त सांगतलं न डॉक्टरीनले वाफ्याचं. पाणी त सोडल्याबरोबर चढते. कांदा काय त्याच दिवशी वाढते?"

माहंच बोलणं माह्याच पदरात टाकलं त्या माणसानं.

पयले झोप आली. एक रात्र सरळ झोपली मी, पोरगी रडली त जाग आली, आन् जाग आली ते तिच्याच रडण्यानं, दुसऱ्या गल्लीतल्या नाई. मंग भूक. मंग एक दिवस दारावर भोपळे घेऊन बाई आली, तिनं किडका भोपळा देल्ला आन् मी तिच्याशी भांडली. चांगलीच भांडली. सासू आतून पाहून राह्यली होती. भोपळेवाली गेल्यावर म्हणे, "नणंदेच्या वळणावर चालली हे." आन् हासली.

पोळ्याच्या दिवशी घरात पुरण शिजलं. दारी बैल रंगून उभे, शिंगायले हिंगूळ, गळ्यात घागऱ्या. मी सकाऊनपासून कोणाच्याच तोंडाकडं पाह्यलं नाई, मले वाटे आता म्हणतीन, आता म्हणतीन. माहेरच्या यष्टीचा टाइम मले पाठ होता. तो टाइम आला. पोरगी सासूच्या कडेवर होती. सासू चुलीपाशी आली, पोळी उलथवाले वाकली, पोरगी रडाले लागली, त तिनं माह्याकडं न पाहाता पोरगी माह्या मांडीत टाकली.

"धर. माहे हात पुरणाचे हायत."

मी धरली. पोरीच्या डोस्क्याले तेलाचा वास होता, धुराचा होता. यष्टी फाट्यावरून गेली, आवाज आयकू आला. कोणी काई म्हटलं नाई.

आता ते पोरगी बालवाडीत जाते. माही गोळी डॉक्टरीननं हळूहळू कमी करून बंद केली, आपल्या मनानं नाई. नणंद पुलगावले अजून मोठ्यानं बोलते. आमच्यात वाकडं नाई. एक डाव ते म्हणे, "वयनी, म्या तुले मारलं असतं." मी म्हटलं, "तुमी मले वाचवाले आल्या होत्या. दोन्ही खरं हाय." मंग दोघी रडलो, आन् मंग तिनं मले चहात साखर कमी पडली म्हणून झाडलं.

मांगच्या हप्त्यात आमच्या गल्लीतली एक सून आली. बाळंतीण. तीच नजर, सूप हातात धरून बसल्यावानी. पोरीचं जुनं अंगडं मागाले आली, मी देल्लं. मंग हळूच म्हणे, "ताई, तुमाले गुण आला त्या लाल गोळ्या उरल्या असतीन न?" दोन-चार उरल्या होत्या, फळीवर. मी नाई म्हटलं. ते म्हणे, "अंगडं देता आन् गोळी नाई देत? माही सासू लेकरू घेऊन घेईन न ताई." मी पायात चपला घातल्या, आन् दुसऱ्या दिवशी सकाऊनच्या यष्टीत तिच्या संग बसून वर्ध्याले जाचं ठरवलं, डॉक्टरीनपुढं तिच्या सासूनं नाई, तिनं बोलावं म्हणून. तिच्या सासूपाशी मी तवाच जाऊन बोलली.

पण त्या रात्रभर मले नणंद आठवत होती, डबी पुढं केलेली. जीव लावणारं माणूस, हातात बरं करणारी चीज, आन् समोर बुडून राह्यलेली बाई. आन् मीच मले आठवत होती, जिचं लेकरू मांडीवरून जाऊन राह्यलं होतं. आमच्या दोघींपैकी कोणत्याबी जागी तुमी असता, त काय केलं असतं तुमी?